एवढ्याशानं काय हुतंय?

आमच्या फाटकावर एक पाटी आहे. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं, पेंटरकडून पैसे देऊन रंगवून घेतलेली : ‘कृपया कुत्र्याला काहीही खायला देऊ नये.’ येणारा प्रत्येक जण ती वाचतो. वाचतो हे मला माहीत आहे, कारण वाचून झालं की तो कडीवर हात ठेवून थांबतो आणि बाहेरूनच विचारतो, “चावतो का हो?” मी सांगते, नाही चावत. मग तो निर्धास्त आत येतो, चपला काढतो आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढतो.

ही तक्रार लहान आहे असं मला कोणी सांगू नये. लोक तिला लहान समजतात म्हणूनच ती इतकी वर्षं चालू आहे.

2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे 45 फुटांची आहे. पाणी ओसरल्यावर माझा मुलगा गावभागात चिखल काढायला मित्रांबरोबर गेला होता. एका वाड्याच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर, दीड-दोन महिन्यांचं पिल्लू बसलेलं त्याला सापडलं. शर्टात गुंडाळून घरी आणलं. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत काळं. आमच्या सासूबाई वारकरी घरातल्या. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “बुक्का.” तेच नाव राहिलं.

महिनाभरात बुक्काला पार्व्हो झाला. ज्यांनी तो बघितला नाही त्यांना एवढंच सांगते, की तो विषाणू आतड्याच्या अस्तरात रोज नव्या पेशी तयार करणाऱ्या जागेवरच घाव घालतो. आतडं आतून सोलल्यासारखं होतं. सहा दिवस सलाईन लावून आम्ही पाळीपाळीनं त्याच्याजवळ बसलो आणि तो वाचला. पुढे डॉक्टरांनी समजावलं, की लहानपणी पार्व्होतून वाचलेल्या कुत्र्यांना मोठेपणी पोटाचे जुनाट त्रास इतरांपेक्षा जास्त होतात. ते बुक्काच्या बाबतीत खरं ठरलं. वरून तो धडधाकट दिसतो, कातडी चकचकते, फाटकाशी शेपूट हलवत उभा राहतो. आत काय आहे ते कोणाला दिसत नाही, आणि न दिसणारं दुखणं आपल्याकडे दुखणंच धरत नाहीत.

मला दिसतं, कारण रात्री दोन वाजता मी जागी असते. बुक्का भुंकत नाही, पलंगावर पाय टाकत नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला नाक लावून नुसता उभा राहतो. त्याच्या नखांचा फरशीवरचा आवाज थांबला की मला जाग येते. दिवा लावला तर आधी ओठ चाटताना दिसतो, मग पाठीची कमान. पोटाला कान लावला तर आत घागर बुडवल्यासारखा गडगड आवाज. दार उघडलं की परसात जाऊन तो आधाशासारखं गवत ओरबाडतो, आणि मग जे व्हायचं ते होतं, चार वेळा, पाच वेळा, शेवटी नुसतं पाणी आणि शेंबडासारखी आव. प्रत्येक वेळी तो माझ्याकडे वळून बघतो. पावसात छत्री घेऊन मी त्याच्यावर धरते. साडेचारला आत येऊन तो थंड फरशीवर पोट टेकतो आणि मी पुसपास करून सहाच्या आंघोळीला लागते. साडेसातला शाळा असते.

ज्यानं दुपारी बिस्किट दिलेलं असतं तो त्या वेळी घरी झोपलेला असतो. माझी सगळी तक्रार एवढ्यातच आहे.

“एवढ्याशानं काय हुतंय?” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. म्हणणारा माणूस वाईट नसतो. तो हसत असतो, बुक्काच्या कानामागे खाजवत असतो, आणि त्याच्या चिमटीत खरोखरच एवढंसंच असतं. पण दुधाचे दोन घोट, शेवेची एक चिमूट, तुपाचं एक बोट, चिकनच्या रश्शात बुडवलेला भाकरीचा तुकडा, असे सकाळपासून सहा जण येऊन गेले की ते एवढंसं राहत नाही. आणि काही गोष्टी तर खरंच एवढ्याशाही चालत नाहीत.

त्यातून मी राहते सांगलीत. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही, आणि तासगावकडचा असेल तर त्याच्या पिशवीत बेदाणे असतातच. पिवळेधमक, लांबट, किलो-दीड किलो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा थोड्याशानं जातो. त्यामागचं कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. त्याचं प्रमाण जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतं, म्हणून अमुक दाणे चालतील असं कोणी सांगू शकत नाही. हेच आम्ल चिंचेत असतं, म्हणजे आमटीही गेली. हे मी पाहुण्यांना सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं मी त्यांच्या बागेला नाव ठेवते आहे. एका पाहुण्यांनी तर मला समजावलं, “वहिनी, आमचा माल एक्स्पोर्टचा आहे.” एक्स्पोर्टच्या मालातही टार्टारिक आम्ल असतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी बेदाणे परत पिशवीत घातले, आणि आता ते आमच्याकडे येणं टाळतात.

दुसरी आमची भडंग. तिच्यात लसूण किती असतो ते सांगलीकराला सांगायला नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि वजनाला वजन लावलं तर लसूण कांद्यापेक्षा कडक. पण भडंगेच्या पिशवीचा चुरचुर आवाज झाला की बुक्का घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून येतो आणि त्याच्या तोंडातून फरशीवर टपटप लाळ गळायला लागते. पाहुणे विरघळतात ते तिथे. “बघा की, जीव कसा तळमळतोय बिचाऱ्याचा.” लाळ गळणं म्हणजे पोट चांगलं असणं नव्हे. रशियाच्या पाव्हलॉव्हना 1904 साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या अभ्यासासाठी, आणि तो अभ्यास कुत्र्यांच्याच पोटावर झालेला आहे. अन्न नुसतं दिसलं, त्याची चाहूल लागली, तरी पाचक रस सुटायला लागतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे ते पचेल की नाही याची हमी लाळ देत नाही. बुक्काला काय हवंय हे मलाही दिसतं. त्याला सगळंच हवंय. रात्री दोनला मात्र त्याला दार हवं असतं.

दूध-बिस्किटाबद्दल जरा वेगळं बोलायला हवं, कारण तिथे लोकांना आपण पुण्यच करतोय असं वाटतं. पिल्लू मोठं होऊन आईपासून सुटलं की दुधातली साखर फोडणारं पाचक द्रव्य त्याच्या पोटात कमी कमी होत जातं. बऱ्याच कुत्र्यांचं थोड्या दुधानं बिघडत नाही, बुक्काचं बिघडतं. आमचा दूधवाला रोज सकाळी मापातलं उरलेलं दूध फाटकाखालून सोडायचा. फरशीच्या उतारावरून ती धार आत यायची आणि बुक्का तिथे जीभ लावून बसलेला असायचा. मला हे कळायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत आम्ही शी तपासली, जंतांची औषधं झाली, रक्त तपासलं. बी-12 जीवनसत्त्व कमी निघालं, कारण ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्याचा तोच भाग नीट चालत नव्हता. सहा आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन, मग महिन्याला एक. आणि इकडे रोज सकाळी साडेसहाला फाटकाखालून दूध. दूधवाल्याला सांगितलं तर तो खरोखर ओशाळला. पण दुसऱ्याच वाक्यात म्हणाला, “ताई, एवढंसं तर सोडत हुतो.”

डॉक्टरांनी शेवटी संशय धरला चिकनवर. इथे मी स्वतःही चुकले होते. पोट बिघडलं की उकडलेलं चिकन आणि भात द्यायचा, हे सगळेच सांगतात, आणि चार दिवसांसाठी ते बरोबरही आहे. मी ते वर्षभर देत होते. कुत्र्यांमध्ये अन्नाची ॲलर्जी ज्या गोष्टींनी सर्वांत जास्त होते त्यांत गोमांस, दूधदुभतं, चिकन आणि गहू पहिल्या चारांत आहेत. बुक्काचे कानही लाल असायचे, पंजे चाटून चाटून ओले असायचे. मी म्हणत होते, सवय असेल.

मग ठरलं, की आठ आठवडे त्यानं पूर्वी कधी न खाल्लेलं एकच मांस द्यायचं, एकच धान्य, आणि बाकी काहीही नाही. पोट पंधरा दिवसांत सुधारू शकतं, पण कातडी शांत व्हायला आठ आठवडे लागतात. आमच्या घरी मटण क्वचितच होतं आणि त्यातलं त्याला कधी मिळालेलं नव्हतं, म्हणून बोकडाचं मटण आणि तांदूळ ठरले. दिवसाला मटण 200 ग्रॅम, तांदूळ 150 ग्रॅम, लाल भोपळ्याची एक फोड, चमचाभर तेल आणि डॉक्टरांनी वजनावर काढून दिलेली क्षारांची पूड. पूड महत्त्वाची आहे, कारण नुसत्या मांस-भातात कॅल्शियम पुरत नाही. घरी शिजवून कुत्र्याला घालायच्या 200 पाककृती कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी 2013 साली तपासल्या, तर शंभरात पंचाण्णव पाककृतींमध्ये काही ना काही आवश्यक घटक कमीच निघाला. म्हणून मी कोणाच्या सांगण्यावरून त्यात काही घालत नाही आणि काही काढत नाही.

आता मटणाच्या दुकानाचं सांगते. तिथे ‘कुत्र्यासाठी’ हा शब्द उच्चारला की खाटीकमामांचा हात आपोआप खालच्या टोपल्याकडे जातो. त्यात चरबीचे लोळे, पडदे, हाडांचे तुकडे. “कुत्र्याला काय हो, ह्ये घ्या, पैसे नकोत.” मामा मनानं उदार आहेत. पण चरबी हेच बुक्काचं दुसरं दुखणं. जास्त चरबी एकदम पोटात गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि शिजवलेलं हाड दाताखाली सुईसारखं फुटतं. मी म्हणाले, मामा, मांडीचं द्या, चरबी काढून. ते माझ्याकडे बघत राहिले. “कुत्र्याला मांडीचं?” रांगेतले दोघे मागे वळले. तेव्हापासून मी कोणासाठी ते सांगत नाही. मामा विचारतात, “पाव्हणं आलेत वाटतं?” मी हो म्हणते. खोटं बोलायला मला आवडत नाही. आठवड्यातून दोनदा खोटं बोलावं लागतं, ते मांडीच्या मटणासाठी.

घरी आल्यावर मटण बिनमिठाचं उकडायचं, पाण्यासकट भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी वर पांढरी कडक साय धरलेली असते, तीच चरबी. चमच्याची कड आत घातली की ती पापुद्र्यासारखी अख्खी निघते, खाली लालसर थरथरणारं पाणी दिसतं. ती साय काढून टाकायची. तांदूळ गुरगुट्या शिजवायचा, बोटांनी मोडेल असा. दिवसाच्या चार वेळा, प्रत्येक वेळी थोडं. आठवडाभर नियमानं गेलं की बुक्का रात्रभर झोपतो, आणि झोपेत पाय हलवतो.

आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. पहिल्यांदा आम्ही 19व्या दिवशी मोडलो. नणंदेचा मुलगा जेवायला बसला होता. त्यानं टेबलाखालून चिकनचा अर्धा तुकडा दिला, कारण बुक्का ‘त्याच्याकडेच बघत होता’. पुन्हा एकपासून. दुसऱ्यांदा 31व्या दिवशी, आणि त्यात कोणा पाहुण्याचा दोष नव्हता. जंताची गोळी कुत्र्यानं आवडीनं खावी म्हणून तिला चिकनचा वास आणि चव दिलेली होती. औषधालाच चिकन लावलेलं असेल ही शंका आपल्याला येणार कुठून? पुडक्याच्या मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ते लिहिलेलं होतं. आता मी भिंग घेऊनच दुकानात जाते. तयार खाद्याच्या पिशव्यांचंही तेच. दर्शनी बाजूला हिरव्या कुरणात मेंढी उभी असते, आणि मागे घटकांच्या यादीत मेंढीच्या जोडीला चिकनची पूड नाहीतर चिकनची चरबी बसलेली असते. दुकानातला मुलगा म्हणतो, “मॅडम, फ्लेवर मटणच आहे.” मला फ्लेवर नको आहे, मला मटण हवं आहे. हे वाक्य मी दोनदा, सावकाश म्हटलं, तरी त्यानं तीच पिशवी पुढे केली.

तिसऱ्यांदा 44वा दिवस होता, आणि तो माझ्या जिवाला लागला.

पितृपक्ष चालू होता. सासऱ्यांची तिथी. आमच्याकडे त्या दिवशी गाईचं, कावळ्याचं आणि कुत्र्याचं पान काढतात. मी शाळेतून अर्धी रजा घेऊन आले तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, परसदारी पाटावर बसल्या होत्या आणि बुक्कासमोर केळीचं पान चाटून स्वच्छ झालेलं होतं. त्यावर काय होतं ते मला विचारावं लागलं नाही. गव्हल्यांची खीर, वडे, तुपाची धार. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, “ह्यांचा घास आहे गं तो. दारात कुत्रं असताना पान रस्त्यावर ठेवू?” मी म्हणाले, आई, आज 44वा दिवस. त्यावर त्यांनी मला नामदेव महाराजांची गोष्ट सांगितली. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे आणि वर्गात मुलांना सांगितलीही आहे. त्या गोष्टीतली माया मला तंतोतंत पटते. पण आईंसमोर मी त्या दिवशी तोंड उघडलं आणि म्हणाले, त्या कुत्र्याला पार्व्हो झालेला नव्हता. आई गप्प बसल्या. मला ते बोलल्याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं, पण ते खोटं नव्हतं.

त्या रात्री मी झोपेच्या गोळीवर होते. ताप आला होता. बुक्का दाराशी उभा राहिला तो आईंना दिसला, कारण त्यांची खोली परसाकडे आहे. सकाळी मी उठले तर आई पायरीवर बसलेल्या, लुगड्याचा काठ ओला, मांडीवर बुक्काचं डोकं. किती वेळा, मी विचारलं. “सात,” त्या म्हणाल्या. “मोजलं मी. तू म्हणतेस तसं.” पुढच्या वर्षी तिथीला कुत्र्याच्या पानावर बिनमिठाचा गुरगुट्या भात आणि मटणाचं निवळ पाणी काढायचं का, म्हणून विचारत होत्या. मीच म्हणाले, श्राद्धाला मटण नको, भात आणि भोपळा पुरे. त्याप्रमाणे झालं. गुरुजींनी पानाकडे बघितलं आणि काही हरकत घेतली नाही.

त्यानंतर चौथ्या खेपेला 56 दिवस पुरे झाले. 19, 31, 44 आणि 56 मिळून 150 होतात. दोन महिन्यांच्या कामाला पाच महिने लागले. शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुद्दाम चिकन देऊन बघितलं. तिसऱ्या दिवशी रात्री दोनला बुक्का दाराशी. आता निदान नाव तरी कळलं होतं.

एवढं सगळं सांगितल्यावर समोरचा माणूस काय म्हणतो? “आमच्या आज्याचा कुत्रा शिळी भाकरी खाऊन पंधरा वर्षं जगला.” प्रत्येकाच्या आज्याकडे असा एक कुत्रा होता. भाकरीला माझा विरोध मुळीच नाही. माणसाच्या सोबतीत राहून कुत्रा लांडग्यापेक्षा पिठूळ अन्न पचवायला शिकला, त्यासाठी लागणारं जनुक त्याच्यात लांडग्याहून कितीतरी जास्त वेळा आढळतं, हे 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलेलं आहे. म्हणून तर बुक्का भातावर उभा आहे. पण आज्याच्या काळात वाड्यावर आणखी चार पिल्लं असतील, आणि ती पहिल्या पावसाळ्यातच गेली असतील. त्यांच्या गोष्टी कोणी नातवंडांना सांगत नाही. बुक्का त्या चारांतला आहे. तो राहिला, म्हणून त्याची काळजी घ्यावी लागते.

शनिवारचं एक प्रकरण राहिलं. कुत्रा काळा असल्याचा हा त्रास मला आधी सुचलाच नव्हता. साडेसाती असली की शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालतात. आमच्या गल्लीत पूर्ण काळा कुत्रा हा एकच. पलीकडच्या बंगल्यातले काका सकाळी सातला पोळी घेऊन यायचे आणि कुंपणावरून टाकायचे. गहू आणि तेल, दोन्ही एकदम. शनिवारची रात्र आमची ठरलेली जायची आणि आम्ही शुक्रवारच्या जेवणात दोष शोधत बसायचो. एकदा मी त्यांना गाठलं. काका म्हातारे आहेत, मुलगा दुबईला, अंगावर कर्ज. त्यांचं दुःख मला समजत होतं. मी म्हटलं, काका, वळणावर तपकिरी कुत्रा आहे. ते म्हणाले, “तपकिरी चालत नाही.” मी म्हटलं, मग माझ्या डब्यातला भात घाला. ते म्हणाले, “तेल नको लावायला? तेलाशिवाय पोचणार कसं?” आम्ही दहा मिनिटं कुंपणाशी बोललो. आता दर शनिवारी ते माझ्याकडून भाताची एक मूद घेतात, तिच्यावर स्वतःच्या वाटीतला तेलाचा एक थेंब सोडतात, नमस्कार करतात आणि बुक्कासमोर ठेवतात. तो थेंब मी बुक्काच्या दिवसाच्या चमच्यातून कमी करते. पुढच्या मार्चमध्ये मुलगा येणार आहे असं काका परवा सांगत होते.

त्यावरून मला सुचलं, की लोकांना द्यायचंच आहे. पाटी लावून ते थांबणार नाही. म्हणून फाटकाच्या आतल्या बाजूला खुंटीवर एक स्टीलचा डबा टांगला आहे. त्यात उकडून, मंद आचेवर सुकवलेले मटणाचे शेंगदाण्याएवढे तुकडे. सकाळी मोजून वीस टाकते, ते त्याच्या 200 ग्रॅममधलेच असतात. पाहुण्यानं खिशात हात घातला, की मी डबा पुढे करते : द्यायचं असेल तर यातलं द्या.

परवा तासगावच्या मावशी आल्या. पाटी वाचली, चावतो का विचारलं, आत आल्या, पिशवीतून बेदाण्याचा पुडा काढला. मी तो त्यांच्या हातातून घेऊन फडताळात सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला आणि डबा पुढे केला. मावशींनी झाकण उघडून आत बघितलं, एक तुकडा चिमटीत धरून उजेडात नेला. बुक्का पायाशी बसून वर बघत होता, फरशीवर लाळेचा एक थेंब पडलेला.

“एवढंसं?” मावशी म्हणाल्या. “ह्यानं काय हुतंय त्याचं?” आणि त्यांनी डब्यात पुन्हा हात घालून मूठभर काढले. मी त्यांची मूठ धरली, बोटं उघडली, आणि दोन ठेवून बाकीचे मोजून परत टाकले.